थॉरवाल्ड परत आला आणि तुम्ही सत्कार सुरू केला: एका साउंडवाल्याचं खुलं पत्र

प्रति,
अध्यक्ष, सचिव आणि कार्यकारिणीचे सगळे सदस्य
(मंडळाचं नाव लिहीत नाही, सोलापूर काय एवढं मोठं गाव नाही, ज्याला कळायचं त्याला कळतंय)

स. न. वि. वि.

मी तुमचा साउंडवाला. म्हणजे रविवारच्या सिनेमाला दोन स्पीकर, मिक्सर, प्रोजेक्टर घेऊन साडेचारलाच येतो आणि सगळे गेल्यावर वायरी गुंडाळत बसतो तो. तुमच्यातल्या निम्म्या लोकांना माझं नाव माहीत नाही, 'ए साउंड' अशी हाक मारता, त्याचं मला काही वाटत नाही, लग्नात तर 'ए माईक' म्हणतात. पण मागच्या मंगळवारी ग्रुपवर जो मेसेज पडला, 'हिचकॉक चित्रपट मालिकेचे उर्वरित चार खेळ अपरिहार्य कारणास्तव रद्द, त्याऐवजी व्यक्तिमत्त्व विकासावर व्याख्याने', तो वाचल्यापासून झोप लागेना. (हिचकॉक म्हणजे सस्पेन्सचे सिनेमे काढणारा तो इंग्लिश डायरेक्टर.) खाली 27 जणांनी अंगठा दाखवला. एकानं पण विचारलं नाही की का बुवा. मी ग्रुपमध्ये आहे पण ग्रुपवर फक्त ॲडमिनच लिहू शकतात, म्हणून हे असं सगळ्यांसमोर लिहितोय.

आधी माझा काय संबंध ते सांगतो, नाहीतर म्हणाल भाडं बुडालं म्हणून ओरडतोय. चार रविवारचं भाडं माझ्या दोन लग्नांच्या ॲडव्हान्सएवढं पण नाही.

आमचे अण्णा, म्हणजे वडील, टॉकीजला ऑपरेटर होते, 31 वर्षं. दोन मशीन, त्यातल्या दिव्याला कार्बनच्या कांड्या, केबिनमध्ये भट्टीसारखी गरमी, त्यात सोलापूरचा एप्रिल-मे. एक रीळ संपत आलं की पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात वरती ठिपका चमकतो, तो दिसला की दुसरं मशीन चालू, दुसरा ठिपका दिसला की चेंजओव्हर, म्हणजे चित्र या मशीनवरून त्या मशीनवर, आणि खाली बसलेल्या माणसाला काही म्हणजे काही कळता कामा नये. 31 वर्षांत अण्णांचा ठिपका किती वेळा चुकला असेल? ते म्हणायचे चार वेळा, आणि चारही वेळचे सिनेमे त्यांना नावानिशी पाठ होते, म्हातारपणी औषधाचं नाव विसरायचे पण ते चार विसरले नाहीत.

रविवारी सकाळी इंग्लिश सिनेमाचा मॉर्निंग शो असायचा. 1983 नाहीतर 84 साल असेल, मी बारा-तेरा वर्षांचा, सहावी-सातवीत. अण्णांनी मला केबिनमध्ये नेलं आणि म्हणाले आज 'सायको' आहे, पडदा बघू नको, या भोकातून लोकांच्या माना बघ. आता सोलापूरच्या टॉकीजमध्ये लोक काय करतात, शेंगा फोडतात. कितीही चांगला सिनेमा असो, खालून सतत कट कट कट आवाज येणार, खेळ सुटल्यावर झाडूवाला पोत्यानं टरफलं भरणार. अण्णा सिनेमा शेंगांवरून ओळखायचे. त्या दिवशी ती बाई पैसे घेऊन पळते, पावसात गाडी चालवते, काचेवर वायपर फिरतायत, तोवर कट कट चालूच होतं. मग ती त्या मोटेलात थांबली. मग ती आंघोळीला गेली. आणि त्यानंतर जो आवाज बंद झाला ना शेंगांचा, तो शेवटपर्यंत परत आला नाही.

पण मला आठवतो तो वेगळाच सीन. खून झालाय, तो पोरगा नॉर्मन सगळं पुसून काढतो, बाईचं प्रेत गाडीच्या डिकीत घालून गाडी दलदलीत ढकलतो. गाडी बुडायला लागते, निम्म्यावर येते, आणि थांबते. बुडतच नाही. सगळी टॉकीज गप्प. आणि थर्ड क्लासमधून, रात्रपाळी करून थेट आलेला कुणी गिरणीवाला असणार, मोठ्यानं ओरडला, "बूड की बे!" आणि गाडी बुडाली. अख्खी टॉकीज हसली. अण्णा मला म्हणाले, बघितलंस, आता ही सगळी माणसं खून लपवणाऱ्याच्या बाजूची झाली, त्यांना कळलं पण नाही कधी झाली ते.

मला सिनेमा म्हणजे काय ते त्या भोकातून कळलं. तेवढाच माझा अभ्यास. पुढं टॉकीजची दशा काय झाली ते गावाला माहीत आहे, अण्णाही गेले, मी साउंडमध्ये आलो.

आता तक्रारी. मेसेजमध्ये 'अपरिहार्य' एवढंच लिहिलंय पण तुमच्यातल्याच एका भल्या माणसानं फोनवर मीटिंगमध्ये काय बोलणं झालं ते सांगितलं, म्हणून एकेक घेतो.

पहिलं म्हणे हे खुनाचे सिनेमे, समाजाला काय संदेश देणार, मंडळानं 'दर्जेदार आणि गंभीर' दाखवावं. साहेब, हे मत फार जुनं आहे, 1962 च्या आधीचं. तेव्हा अमेरिकेतले भलेभले पण हिचकॉकला करमणूकवाला म्हणायचे, पब्लिकला घाबरवणारा जाडा माणूस, टीव्हीवर येऊन गमती करणारा. 62 साली फ्रान्सचा त्रुफो, स्वतः नावाजलेला डायरेक्टर, त्याच्यासमोर आठवडाभर बसला, एकेका सिनेमावर प्रश्न विचारले, 66 ला त्याचं पुस्तक निघालं आणि जगभरच्या सिनेमा शिकणाऱ्या पोरांनी ते पोथीसारखं वाचलं. 'व्हर्टिगो' 1958 ला आला तेव्हा त्याला कुणी डोक्यावर घेतलं नव्हतं, बरेचजण नाकं मुरडत होते. 2012 साली ब्रिटनच्या 'साइट अँड साउंड' मासिकानं जगभरच्या समीक्षकांना विचारून यादी काढली, त्यात 'व्हर्टिगो' एक नंबर, 50 वर्षं वर बसलेल्या 'सिटिझन केन'ला खाली ढकलून. 2022 च्या यादीत दोन नंबरला आहे. म्हणजे तुमच्या मीटिंगमध्ये जे ठरलं त्यावर जगात वाद होऊन, निकाल लागून, लोक घरी गेले. (ऑस्करवाल्यांनी मात्र त्याला दिग्दर्शनाचं बक्षीस कधीच दिलं नाही, पाच वेळा नाव आलं आणि पाचही वेळा दुसऱ्याला. शेवटी 1968 ला एक मानाचा थालबर्ग पुरस्कार दिला तर गडी थँक्यू म्हणून लगेच खाली उतरला. आपल्याकडे ही पद्धत यायला पाहिजे.)

आणि संस्काराचं म्हणाल तर या माणसाच्या निम्म्या सिनेमांचं सार आपल्या म्हणीत आहे, शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये. तुम्ही पहिल्या रविवारी 'द 39 स्टेप्स' दाखवलात ना, 1935 चा, त्यात काय होतं? साधा माणूस, काही केलेलं नाही, खुनाचा आळ येतो आणि पळत सुटतो. 'द राँग मॅन' तर खऱ्या घटनेवर आहे, क्लबात वाजवणारा एक वादक, चेहरा दुसऱ्या कुणासारखा दिसतो म्हणून पोलिसांनी उचललेला. हिचकॉक लंडनजवळच्या लेटनस्टोनचा, 1899 चा जन्म, भाजीवाल्याचा पोरगा. लहानपणी बापानं चिठ्ठी देऊन पोलीस चौकीत पाठवलं आणि चौकीवाल्यानं त्याला पाच मिनिटं कोठडीत घालून दार लावलं, वात्रट पोरांचं असं करतात म्हणून, ही गोष्ट तो जन्मभर सांगत राहिला. आपल्या मंडईतल्या कुठल्याही पोराला विचारा चौकीची भीती काय असते, त्याला हा सिनेमा समजावून सांगावा लागणार नाही.

दुसरं कारण, इंग्लिश सिनेमा सोलापूरच्या लोकांना कळत नाही. हे मात्र मला लागलं. आमच्या शेजारी एक तेलुगू मामा राहतात, पूर्व भागात 40 वर्षं यंत्रमागावर टॉवेल काढले, मागाच्या खडखडाटानं कान गेलेत. घरात तेलुगू, बाहेर मराठी, आणि इंग्लिश म्हणाल तर यस आणि नो. त्यांना मी 'रिअर विंडो'ला घेऊन आलो होतो, तिसऱ्या रांगेत. पहिली दोन मिनिटं आठवतात का तुम्हाला? हिरोबद्दल कुणी एक शब्द बोलत नाही. कॅमेरा चाळीच्या मागच्या अंगणातून फिरतो, घामेजलेला हिरो झोपलाय, थर्मामीटर नव्वदच्या वर, पायाला प्लास्टर, टेबलावर फुटलेला कॅमेरा, भिंतीवर रेसच्या गाडीचा अपघात होतानाचा फोटो आणि तिचं चाक सुटून आपल्या अंगावर येतंय. मामा माझ्या कानाला लागून म्हणाले, "फोटोवाला आहे, गाडीचा फोटो काढताना पाय मोडला." बास. हे डायलॉगमध्ये सांगायला आपल्या सिरीयलवाल्यांना दोन एपिसोड लागले असते आणि मध्ये एक आत्या आणावी लागली असती.

हे काय आपोआप होत नाही. हा माणूस मूकपटात शिकलेला. आधी तर मूकपटातल्या पाट्या रंगवायचा, लिहिलेल्या अक्षरांच्या, मग डायरेक्टर झाला, 1927 चा 'द लॉजर' मुका आहे, 1929 ला 'ब्लॅकमेल' बोलपट. बोलणं आल्यावरसुद्धा त्याचा भरवसा चित्रावरच राहिला. मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू अशा चार भाषा एका गल्लीत बोलणाऱ्या या गावाला याच्याइतका सोयीचा डायरेक्टर तुम्ही मला दुसरा दाखवा.

आणि 'रिअर विंडो' कळायला आपल्याला कसली अडचण? उन्हाळ्यात नवरा-बायको गादी काढून बाहेर जिन्याच्या सज्जावर झोपतात, पाऊस आला की गादी ओढत आत पळतात, आम्ही गच्चीवर काय वेगळं करतो? समोरच्या घरात कोण भांडलं, कुणाच्या घरी दोन दिवस दिवा नाही, हे आमच्या गल्लीत पेपरच्या आधी कळतं. ती सगळी चाळ हिचकॉकनं पॅरामाउंटच्या स्टुडिओत उभी केली होती, तीसेक खोल्या, त्यातल्या कित्येकांत खरं सामान, आणि आवाज बघा, मी साउंडवाला म्हणून सांगतो, त्यात पार्श्वसंगीत म्हणून वेगळं जवळजवळ काही नाहीच, कुणाचा रेडिओ, कुणाचा पियानो, रस्त्यावरची पोरं, सगळं अंगणातून वर आल्यासारखं लांबून येतं. म्हणून तर मी त्या दिवशी मागं दोन स्पीकर जादा लावले होते, तुमच्या सांगण्यावरून नाही, माझ्या हौसेनं.

आता तिसरी तक्रार, आणि खरी हीच आहे, बाकीची आपली भर.

'रिअर विंडो' चालू होता. हिरोईन ग्रेस केली समोरच्या खुन्याच्या घरात खिडकीतून शिरली. हिरो इकडे खुर्चीत, पाय मोडलेला, उठता येत नाही, ओरडता येत नाही. ती अंगठी शोधतीये. आणि तो खुनी थॉरवाल्ड परत आला. एका खिडकीत ती, शेजारच्या खिडकीतून पॅसेजमध्ये तो. तिला माहीत नाही, आपल्याला माहीत आहे. मागच्या रांगेतली एक बाई "अगं पळ" म्हणाली, मी स्वतः ऐकलं. आणि त्याच वेळी सचिव माझ्या टेबलापाशी आले, खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, पॉज कर, साहेब आलेत, सत्कार उरकून घेऊ.

मी पॉज दाबला.

मी दाबला, साहेब. तुमची चूक सांगताना माझी लपवत नाही. नाही म्हणायला पाहिजे होतं, म्हणालो नाही, पुढच्या महिन्यात तुमच्याच मंडळाचा वर्धापन दिन, त्याची ऑर्डर डोळ्यासमोर आली. ट्यूबलाइटी लागल्या. सोलापुरी चादर, श्रीफळ, हार. पडद्यावर एका खिडकीत ती, एका खिडकीत तो, आणि मध्ये पाहुण्यांचं डोकं. पाहुणे 18 मिनिटं बोलले, तरुण पिढीला एका जागी बसून लक्ष द्यायची सवय राहिली नाही या विषयावर. माईकमध्ये मध्येच खरखर आली, ती मीच केली होती, आता सांगून टाकतो. मग आभार, मग फोटो, मग फोटोत अमुक आले नाहीत म्हणून परत फोटो. एकूण 25 मिनिटं. मी परत प्ले दाबला तेव्हा थॉरवाल्डनं दार उघडलं तर लोक चहाचे कप खाली ठेवत होते. मामांचा मुलगा ठरल्या वेळेला न्यायला आला आणि मामा उठून गेले.

आणि मग तुम्ही मीटिंगमध्ये काय म्हणालात? लोक मधूनच उठून जातात, प्रतिसाद नाही.

पहिल्या रविवारी 60-65 माणसं होती, दुसऱ्या रविवारी 110 खुर्च्या भरून पोरं भिंतीला टेकून उभी होती, खुर्च्या मंडपवाल्याच्या, मोजून द्याव्या लागतात म्हणून आकडा पक्का. ती माणसं सिनेमानं नाही उठवली.

'सायको' 1960 ला लागला तेव्हा हिचकॉकनं टॉकीजवाल्यांना अट घातली होती, सिनेमा सुरू झाल्यावर कुणालाही आत सोडायचं नाही, कुणी का असेना. दाराबाहेर पाट्या लावल्या, पब्लिक रस्त्यावर रांगा लावून उभं राहिलं. टॉकीजवाले आधी घाबरले होते, धंदा जाईल म्हणून. झालं उलटंच. त्या सिनेमावर स्टुडिओचा विश्वास नव्हता, हिचकॉकनं स्वतःचा पैसा घातला, टीव्हीच्या कामातली माणसं घेतली, काळ्या-पांढऱ्यात काढला, साधारण आठ लाख डॉलरमध्ये. तो आंघोळीचा सीन शूट करायला सात दिवस लागले, रक्त म्हणून चॉकलेटचा पाक. आणि त्याला तर तो सीन बिनसंगीताचाच पाहिजे होता, संगीतकार बर्नार्ड हर्मननं तरीपण व्हायोलिनची ती चरचर करून आणली, ऐकून यानं आपला हट्ट सोडला. साउंडच्या धंद्यात मी ही गोष्ट नव्या पोरांना सांगतो.

हा माणूस सस्पेन्स म्हणजे काय ते टेबलाचं उदाहरण देऊन सांगायचा. टेबलावर माणसं गप्पा मारतायत आणि खालचा बॉम्ब अचानक फुटला, तर पब्लिकला 15 सेकंद धक्का. पण पब्लिकला आधीच दाखवलं की टेबलाखाली बॉम्ब आहे, एक वाजता फुटणार, घड्याळात पाऊण झालाय, तर त्याच फालतू गप्पा 15 मिनिटं ऐकताना लोकांचा जीव वर-खाली होतो. (धमकी नाही हो, तुमच्या मीटिंगच्या टेबलाखाली फक्त चहाची किटली असते.) आता यात एकच गोष्ट लागते, ती 15 मिनिटं अखंड लागतात. मध्ये हार-तुरे आले की बॉम्ब विझला. तुम्ही ज्याला 'थोडा ब्रेक' म्हणालात तो ब्रेक नव्हता, अण्णांच्या भाषेत तो चुकलेला ठिपका होता. त्यांचे 31 वर्षांत चार, माझा पहिल्याच महिन्यात एक.

आणि हे काय परदेशी फॅड आहे होय? आपल्याच जिल्ह्यातल्या जेऊरच्या नागराजनं 'सैराट'मध्ये शेवटी काय केलं? माहेरची माणसं आईनं दिलेलं सामान घेऊन दारात येतात, आर्ची चहा टाकते, पोरगं शेजारीण घेऊन गेलेली. कुणी काही वाईट बोलत नाही. तुम्ही-आम्ही त्या चहाच्या कपांकडे बघत बसलो होतो आणि पोटात गोळा आला होता, आठवतंय ना? टेबलाखालचा बॉम्ब तो हाच. नागराज कुणाकडून शिकला ते मला माहीत नाही, तसं म्हणत पण नाही, पण 2016 ला त्या शेवटाला टॉकीज जशी गप्प झाली तशी मी आधी एकदाच ऐकली होती, केबिनच्या भोकातून.

मराठीत थ्रिलर हलका ही समजूत कुठून आली काय माहीत. राजा परांजप्यांनी 1964 ला 'पाठलाग' काढला, वकिलाची बायको मेलेली आणि तिच्यासारखीच दिसणारी बाई कोर्टात म्हणते मीच ती, त्याच गोष्टीवर राज खोसलांनी 66 ला हिंदीत 'मेरा साया' केला आणि देशभर चालला. म्हणजे मराठीनं हिंदीला थ्रिलर दिला, उलटं नाही. हिचकॉकच्या 'रेबेका'वरून हिंदीत 'कोहरा' आला, 'डायल एम फॉर मर्डर'वरून 'ऐतबार'. या आपल्या सिनेमांच्या जोडीला ते मूळचे लावून दाखवले असते तर केवढ्या गप्पा झाल्या असत्या. मी सुचवलं होतं. 'बघू' म्हणालात.

चौथं कारण, जुनं आणि ब्लॅक अँड व्हाइट, पोरं येत नाहीत. 'रिअर विंडो' रंगीत आहे. पुढं जाऊ.

पाचवं, हे मात्र मीटिंगमध्ये एका ताईंनी काढलं असं कळलं आणि त्यांचं म्हणणं मी बाजूला टाकणार नाही. 'द बर्ड्स' आणि 'मार्नी'ची नायिका टिपी हेड्रन, तिनं 2016 च्या आपल्या पुस्तकात लिहिलं की या माणसानं तिला त्रास दिला, नको तिथं हात लावला, ऐकलं नाही म्हणून तिचं काम बंद पाडलं. 'बर्ड्स'मधल्या माळ्यावरच्या सीनला खोटे पक्षी वापरू असं सांगून दिवसेंदिवस खरे पक्षी तिच्या अंगावर सोडले. हे सगळं तिनं सांगितलंय आणि मला ते वाचून अण्णांना देवासारखा वाटणारा माणूस थोडा खाली उतरल्यासारखा झाला, खरं सांगतो. पण ताई, मग सिनेमा बंद करून हे बोलणं पण बंद झालं ना? 'बर्ड्स' लावू, आणि त्याच्या आधी तुम्ही दहा मिनिटं हेच सांगा, माईक मी देतो, खरखर येणार नाही. आणि जोडीला अल्माबद्दल पण सांगा. अल्मा रेव्हिल, त्याची बायको, 1926 ला लग्न झालं, त्याच्या आधीपासून सिनेमात एडिटिंग करणारी. 'सायको' जवळजवळ तयार झाला होता, सगळ्यांनी बघितला, कुणाला काही दिसलं नाही, हिनं सांगितलं की मेलेली बाई किंचित हलतीये, परत कापा. 1979 ला अमेरिकेत त्याचा मोठा सत्कार झाला तेव्हा तो म्हणाला मला चार माणसांचे आभार मानायचेत, एक एडिटर, एक पटकथा लिहिणारी, एक माझ्या मुलीची आई आणि एक उत्तम स्वयंपाक करणारी, आणि चौघींचं नाव अल्मा रेव्हिल. पडद्यावर नाव मोठ्या अक्षरात मात्र एकट्याचंच, हे पण बोलू.

अजून एक बारीक तक्रार आहे ती उगाच लांबवत नाही. आपल्या एका जुन्या सभासद सरांनी जाताना त्यांच्या दीड-दोनशे डीव्हीडी मंडळाला दिल्या, त्या ऑफिसच्या कपाटात कुलूप लावून आहेत आणि किल्ली कुणाकडं आहे यावर तीन जण तीन नावं सांगतात.

तर मागण्या अशा आहेत.

उरलेले चार खेळ, 'रोप', 'व्हर्टिगो', 'सायको', 'बर्ड्स', जाहीर केल्या क्रमानं घ्या. परवानगीचं, हक्काचं काम तुम्ही आधीच रीतसर केलंय, ते वाया घालवू नका. व्याख्यानं शनिवारी ठेवा, शनिवारी हॉल मोकळा असतो, मी डायरी बघितलीये.

त्याच्या आधी 'रिअर विंडो' परत एकदा, पहिल्यापासून.

सिनेमा चालू असताना सत्कार, सूचना, आभार, वाढदिवस काही नाही. जो पाहुणा उशिरा येईल तो मागं अंधारात बसेल. दाराला पाटी मी स्वतः रंगवून आणतो, खेळ सुरू झाल्यावर प्रवेश नाही, अध्यक्षांना सुद्धा. 'रोप'ला तर हे पाहिजेच. तो सिनेमा त्यानं 1948 ला असा काढला की कॅमेऱ्यात रीळ मावतं तेवढा, दहा-दहा मिनिटांचा एकेक सलग शॉट, आणि जोड दिसू नये म्हणून कॅमेरा कुणाच्या तरी कोटाच्या पाठीवर नेऊन अंधार करायचा. पण काही जोड उघडे ठेवलेत, सरळ कट. का? कारण टॉकीजमध्ये ऑपरेटरला तिथं मशीन बदलायचं असतं. हे मला कळलं त्या दिवशी अण्णा हयात नव्हते. कुठल्या तरी हॉलिवूडवाल्यानं केबिनमधल्या माणसाचा हिशोब धरून सिनेमा कापला होता, हे त्यांना सांगायचं राहून गेलं.

कपाटाची किल्ली शोधा आणि डीव्हीडीची यादी दाराला लावा.

आणि ग्रुपवर सभासदांना लिहू द्या. तेवढ्यानं काही बिघडत नाही.

भाडं मला नको, पाचही रविवार फुकट, हे लेखी देतोय. वर्धापन दिनाची ऑर्डर दुसऱ्याला दिलीत तरी चालेल, त्याचा मला अंदाज आहे. पण उत्तर लवकर द्या, कारण तेलुगू मामा रोज सकाळी दात घासताना कट्ट्यावरून विचारतात, "त्या पोरीला धरलं का रे त्यानं?" आणि मी सांगत नाहीये. परवा त्यांचा नातू मोबाईलवर शेवट काढून दाखवायला निघाला होता, तर त्यालाच ओरडले, मोठ्या पडद्यावर बघणार म्हणून.

रविवारी साडेचारला मी स्पीकर घेऊन हॉलच्या मागच्या दाराशी आहे. उघडायला कुणाला तरी पाठवा.

आपला,
साउंडवाला
पूर्व भाग, सोलापूर